जपानी वेस्टर्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी सिनेमाबद्दल काहीही लिहिलं की जपानी दिग्दर्शक कुरोसावा आणि इटालियन दिग्दर्शक लिओने यांच्या भांडणावर एक तरी प्रश्न येतो. त्याच्या मागोमाग येतात 'सुकीयाकी वेस्टर्न जँगो' हा सिनेमा पाहून डोकं धरून बसलेल्यांचे प्रश्न. वेळोवेळी आलेले हे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि अडचणीचे नंतर. तेच उत्तर दोनदा देण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. जिथे शेवट फुटतो तिथे आधी सांगितलं आहे.

१. जपानी वेस्टर्न म्हणजे नेमकं काय? सामुराईपटांनाच हे दुसरं नाव आहे का?

नाही. सामुराईपट हा जपानचा स्वतःचा, मूकपटांच्या काळापासून चालत आलेला प्रकार आहे. त्यातल्या बहुतेकांचा वेस्टर्नशी, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या काऊबॉय-पिस्तुलांच्या सिनेमांशी, काही संबंध नाही. वरिष्ठाशी निष्ठा, घराण्याची अब्रू, दरबारी कारस्थानं यांवर ते चालतात. ओसाड गावातला एकटा परका माणूस हा त्यांचा नेहमीचा विषय नव्हे.

लोक जपानी वेस्टर्न म्हणतात तेव्हा बहुधा वेगवेगळ्या गोष्टी मनात असतात. कुणाला 'योजिंबो'सारखा, कपडे सामुराईचे आणि मांडणी वेस्टर्नची असलेला सिनेमा अभिप्रेत असतो. कुणाला निक्कात्सु कंपनीचे घोडा-गिटार-पिस्तूलवाले सिनेमे आठवतात (प्रश्न ७). कुणाला इटालियन वेस्टर्नची जपानी नक्कल आणि थट्टा एकत्र करणारा 'सुकीयाकी वेस्टर्न जँगो' (प्रश्न ८). आणि मग होक्काइदो बेटावर, मेइजी काळात (१८६८ ते १९१२) घडणारे सिनेमे येतात. आमच्या मते 'जपानी वेस्टर्न' हे नाव खऱ्या अर्थानं शोभतं ते या शेवटच्यांना. कारण पुढच्या उत्तरात.

२. जपानमध्ये काऊबॉय नव्हते, सरहद्द नव्हती, मोकळी जमीनही नव्हती. मग वेस्टर्न घडवायचा कुठे?

होक्काइदोत. जपानच्या चार मुख्य बेटांपैकी हे सर्वांत उत्तरेचं. १८६९ पर्यंत जपानी लोक त्याला एझो म्हणत. दक्षिण टोकाचा मात्सुमाए सरदारांचा पट्टा आणि किनाऱ्यावरची व्यापारी ठाणी सोडली तर तो मुलूख तिथले मूळ रहिवासी असलेल्या ऐनू लोकांचा होता. मेइजी सरकारनं त्याच वर्षी बेटाचं नाव बदललं, 'कैताकुशी' नावाचं वसाहतीचं खातं उघडलं आणि दक्षिणेकडची माणसं तिथे नेऊन वसवायला घेतली. जमीन रिकामी आहे असं कागदावर ठरलं. ती रिकामी नव्हती.

सल्लागार आणले ते थेट अमेरिकेतून. होरेस कॅप्रॉन अमेरिकेचे कृषी आयुक्त होते. ते पद सोडून ते १८७१ मध्ये जपानला आले आणि १८७५ पर्यंत राहिले. त्याआधी १८५० च्या दशकात याच गृहस्थांनी टेक्सासात मूलनिवासी जमातींसाठी सरकारी एजंट म्हणून काम केलं होतं. ओहायोचा एडविन डन १८७३ मध्ये आला. गुरं, घोड्यांची पैदास, दुग्धव्यवसाय हे त्याचं खातं. १८७६ मध्ये साप्पोरोच्या शेतकी महाविद्यालयाची घडी बसवायला मॅसॅच्युसेट्सहून विल्यम क्लार्क आले. म्हणजे अमेरिकेचा पश्चिम भाग ज्या डोक्यांनी आणि ज्या पद्धतीनं वसवला गेला, त्यांतलीच काही डोकी आणि बरीचशी पद्धत इथे वापरली गेली. (साप्पोरो बिअरच्या बाटलीवरचा तारा हा या कैताकुशीच्या निशाणावरचा. त्या खात्यानं दारूची भट्टीही काढली होती.)

माणसांची भरतीही वेस्टर्नला साजेशी झाली. १८६८-६९ च्या यादवीत शोगुनची, म्हणजे जुन्या लष्करी शासकाची, बाजू हरली आणि तिची शेवटची लढाई झाली ती याच बेटावर, हाकोदातेला. पुढे हरलेल्या बाजूचे बरेच सामुराई 'तोंदेनहेई', म्हणजे नांगर आणि बंदूक दोन्ही धरणारे शिपाई, म्हणून इथे आले. १८७६ मध्ये सरकारनं तलवार बाळगण्यावरच बंदी घातली. हुद्दा गेला, हत्यार गेलं, थंडीत गोठलेली जमीन तेवढी हाती आली.

बेकार तलवारबाज, हुसकावलेले मूळ रहिवासी, घोडे, बर्फ, दूरवरचं सरकार आणि जवळचा मुजोर अंमलदार. पटकथाकाराला आणखी काय हवं? तरीही जपानी सिनेमानं या इतिहासाकडे वेस्टर्न म्हणून गंभीरपणे बघायला फार वर्षं घेतली (प्रश्न १० आणि ११).

३. सुरुवात कोणत्या सिनेमापासून करू?

'योजिंबो' (१९६१). लहान आहे, मजेदार आहे, पूर्वतयारी काही लागत नाही. मग जपानी 'अनफर्गिव्हन' (२०१३). 'सुकीयाकी' तिसरा किंवा चौथा. तो पहिला पाहिलेले लोकच आम्हाला सगळ्यात जास्त प्रश्न पाठवतात.

४. कुरोसावानं हॉलिवूडची नक्कल केली की हॉलिवूडनं कुरोसावाची?

दोन्ही, आणि मध्ये इटलीही आहे. अकिरा कुरोसावा अमेरिकी वेस्टर्नचा दिग्दर्शक जॉन फोर्ड याला गुरुस्थानी मानत आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. 'योजिंबो'चं गाव बघा. एकच रुंद रस्ता, दोन टोकांना दोन टोळ्या, मध्ये वारा आणि धूळ, खिडकीच्या फटीतून बघणारे घाबरट लोक. जपानी सरंजामी काळातल्या गावापेक्षा हे ॲरिझोनातलं गाव जास्त वाटतं. कथेसाठी मात्र कुरोसावांनी वेस्टर्नकडे नाही, तर अमेरिकी गुन्हेगारी कादंबरीकार डॅशिअल हॅमेटकडे पाहिलं होतं. 'द ग्लास की'चा प्रभाव त्यांनी स्वतः सांगितला आहे. दोन टोळ्यांना आपसात लढवून संपवणाऱ्या माणसाची कल्पना मात्र हॅमेटच्याच 'रेड हार्वेस्ट'च्या जास्त जवळची, असं अनेक समीक्षक म्हणतात.

तिथून ती कथा इटलीत गेली आणि काऊबॉय झाली (प्रश्न ५). १९९६ मध्ये वॉल्टर हिलनं रीतसर परवानगीनं 'लास्ट मॅन स्टँडिंग' केला. त्यात दारूबंदीच्या काळातलं टेक्सासचं गाव आहे आणि पुन्हा गुंडांच्या टोळ्या. गुंडांपासून निघालेली कथा सामुराई आणि काऊबॉय यांच्या घरी राहून गुंडांकडे परत आली.

याखेरीज 'सात सामुराई'वरून १९६० मध्ये जॉन स्टर्जेसचा 'द मॅग्निफिसंट सेव्हन' आला (प्रश्न ६) आणि 'राशोमोन'वरून १९६४ मध्ये पॉल न्यूमनचा 'द आउटरेज'. दुसरा पाहिला नाही तरी चालेल.

५. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' ही 'योजिंबो'ची चोरी होती का? प्रकरण पुढे काय झालं?

सेर्जिओ लिओनेनं १९६४ मध्ये 'योजिंबो'ची कथा उचलून, हक्क न घेता आपला सिनेमा केला. प्रसंग जवळजवळ ओळीनं जुळतात. गावात येणारा बेनाम माणूस, त्याची दोन्हीकडची नोकरी, गुंडांच्या ताब्यातल्या एका बाईला आणि तिच्या कुटुंबाला सोडवणं, मग मरेस्तोवर मार खाणं, शवपेट्या करणारा म्हातारा. कुरोसावांनी लिओनेला पत्र लिहिलं. सिनेमा फार छान आहे, पण तो माझा आहे, अशा आशयाचं. लिओनेचा बचाव असा होता की दोन धन्यांच्या नोकराची ही गोष्ट गोल्दोनीच्या अठराव्या शतकातल्या इटालियन नाटकात आहेच. बचाव हुशारीचा आहे, पण शवपेटीवाला म्हातारा गोल्दोनीकडे नाही.

प्रकरण तडजोडीनं मिटलं. कुरोसावा आणि सहलेखक र्‍यूझो किकुशिमा यांच्या बाजूला जगभरातल्या उत्पन्नाचा १५ टक्के वाटा मिळाला, शिवाय जपान, तैवान आणि दक्षिण कोरियातले वितरणाचे हक्क. अमेरिकेत तो सिनेमा लागायला १९६७ उजाडलं.

गंमत पुढे आहे. जपानमध्ये लिओनेचा सिनेमा 'कोया नो योजिंबो' या नावानं लागला, म्हणजे माळरानावरचा योजिंबो (अंगरक्षक). तो इतका चालला की सेर्जिओ कॉर्बुचीचा 'जँगो' (१९६६) आला तेव्हा जपानी वितरकांनी त्याचं नाव ठेवलं 'कोया नो योजिंबो'चा पुढचा भाग. दिग्दर्शक वेगळा, नट वेगळा, कथा वेगळी, पण नाव तेच. एका पिढीच्या जपानी प्रेक्षकांच्या डोक्यात 'योजिंबो', लिओनेचा नायक क्लिंट ईस्टवुड आणि जँगो हे एकाच मालिकेत बसले ते असे. हे माहीत असलं की 'सुकीयाकी' बराच सोपा होतो.

चोरी होती का? होती. चांगली होती का? हो. लिओनेनं त्या कथेतून जे संगीत आणि ज्या लांबवलेल्या नजरा काढल्या, त्या कुरोसावांकडे नव्हत्या. पैसे मात्र आधी द्यायला हवे होते.

६. तलवारीच्या जागी पिस्तूल ठेवलं की सामुराईपटाचा वेस्टर्न होतो, एवढं सोपं आहे का?

मारामारीपुरतं जवळजवळ तसंच आहे. म्यानातून तलवार उपसता उपसता वार करण्याची जपानी कला आणि पिस्तुलाचा झटपट बार, पडद्यावर दोन्हींची लय एकच. बराच वेळ काहीच नाही आणि मग एका क्षणात सगळं संपतं. कुरोसावांच्या 'सान्जुरो'च्या (१९६२) शेवटचं द्वंद्व बघा. दोघं हाताच्या अंतरावर, न हलता उभे. नंतर जे होतं त्याला एक सेकंदही लागत नाही.

अडचण हत्यार कुणाच्या हातात असू शकतं तिथे येते. अमेरिकेच्या पश्चिमेत, निदान सिनेमात, दुकानातून पिस्तूल घेतलं की कुणीही लढवय्या होतो. जपानमध्ये तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी यानं १५८८ मध्ये शेतकऱ्यांची हत्यारं जप्त केली आणि त्यानंतर तलवार जन्मानं मिळायची गोष्ट झाली. म्हणून 'सात सामुराई'त लढाईइतकाच महत्त्वाचा आहे तो शेतकरी आणि सामुराई यांच्यामधला अविश्वास. शेतकरी त्यांना जेवू घालतात आणि पोरी लपवून ठेवतात. नट तोशिरो मिफुनेनं रंगवलेला किकुचियो चिडून दोन्ही बाजूंची लक्तरं काढतो, कारण तो स्वतः शेतकऱ्याचा मुलगा असून सामुराई असल्याचं सोंग करतोय.

'द मॅग्निफिसंट सेव्हन'मध्ये ही जातीची भिंत नाही, त्याऐवजी अमेरिकी पिस्तूलबाज आणि मेक्सिकन गावकरी आहेत. सिनेमा झकास आहे, एल्मर बर्नस्टाइनचं संगीत अजून कानात राहतं. पण तिथल्या बंदूकबाजांना हवं तर उद्या शेतकरी होता येतं आणि त्यांतला एक होतोही. कुरोसावांच्या सामुराईंना ते दार बंद आहे. २०७ मिनिटांचा सिनेमा त्या बंद दारासाठी आहे.

उलटा प्रवास करणाऱ्याला, म्हणजे वेस्टर्नचा जपानी सिनेमा करणाऱ्याला, याच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं.

७. गिटार घेऊन घोड्यावर फिरणाऱ्या जपानी हिरोच्या सिनेमांबद्दल ऐकलंय. ते काय आहेत?

निक्कात्सु कंपनीची 'वातारिदोरी' (स्थलांतर करणारा पक्षी, म्हणजे भटक्या) मालिका, १९५९ ते १९६२. हिरो अकिरा कोबायाशी, हिरॉइन बहुतेक वेळा रुरिको आसाओका, प्रतिस्पर्धी जो शिशिदो. शस्त्रक्रियेनं फुगवून घेतलेल्या गालांमुळे शिशिदो चटकन ओळखू येतो. पहिला सिनेमा 'गिटार घेतलेला वातारिदोरी' हाकोदातेत घडतो, आणि काळ सिनेमा बनला तेव्हाचाच. हॉटेलं, मोटारी, नाइटक्लब सगळं आहे आणि त्यातून हा माणूस गिटार अडकवून येतो, स्थानिक गुंडाशी भिडतो, गाणं म्हणतो आणि प्रेमात पडलेल्या मुलीला मागे ठेवून निघून जातो. ज्या देशात साध्या माणसाला बंदूक मिळणं जवळजवळ अशक्य, तिथे पात्रं फटाके उडवावेत तसे बार काढतात.

जपानी समीक्षकांनी अशा सिनेमांना 'कुठल्याच देशाचे नसलेले' म्हटलं. टीका म्हणून ते बरोबर आहे, पण त्या काळच्या प्रेक्षकाला हवं होतं तेही हेच. मालिकेत १९६० चा 'मोठ्या माळरानावरचा वातारिदोरी' हा होक्काइदोतल्या ऐनू वस्तीची जमीन बळकावू पाहणाऱ्या गुंडाविरुद्धचा आहे. विषय हाताशी होता, पण गाण्यांच्या नादात निसटला.

शिशिदोला घेऊन १९६१ मध्ये 'हायाउची यारो' हा आणखी उघड वेस्टर्न झाला. पिस्तूल काढायला ०.६५ सेकंद, अशी त्याची जाहिरात होत असे. खरं-खोटं कुणी मोजत बसलं नाही. त्याचा उत्तम सिनेमा मात्र १९६७ चा 'अ कोल्ट इज माय पासपोर्ट'. भाडोत्री मारेकऱ्याची कथा, काळी-पांढरी, इटालियन वेस्टर्नसारखं संगीत आणि शेवटी उजाड भराव जमिनीवरची एकट्याची लढाई. त्यात घोडा नाही, टोपी नाही, तरी हा निक्कात्सुचा सर्वांत अस्सल वेस्टर्न आहे.

८. 'सुकीयाकी वेस्टर्न जँगो'मध्ये जपानी नट इंग्रजी का बोलतात? अर्ध्याहून जास्त डोक्यावरून गेलं.

कारण इटालियन वेस्टर्नमध्येही कुणी खरं इंग्रजी बोलत नसे. तिथे इटालियन, स्पॅनिश, जर्मन नट आपापल्या भाषेत ओठ हलवत आणि आवाज नंतर चढवला जाई. ताकाशी मिइकेनं २००७ मध्ये हीच विचित्र गंमत उलटी केली. बहुतेक नटांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांनी उच्चार पाठ करून संवाद म्हटले. कानाला खटकतं, ते मुद्दाम आहे. दोन तास खटकत ठेवायला हवं होतं का, हा वेगळा प्रश्न. परदेशात सिनेमा बराच कापून लावला आणि कापलेला जास्त बरा, असं म्हणणारे आमच्यातही आहेत.

कथेसाठी एवढं पुरे. ११८५ मध्ये दान-नो-उराच्या सागरी लढाईत मिनामोतो (गेंजी) घराण्यानं ताइरा (हेइके) घराण्याचा नाश केला. जपानी शाळकरी मुलालाही हे माहीत असतं, आपल्याकडे पानिपत माहीत असतं तसं. हेइकेंचं निशाण लाल, गेंजींचं पांढरं. मिइकेच्या सिनेमात काही शतकांनंतर त्याच लाल-पांढऱ्या टोळ्या 'नेवादा' नावाच्या जपानी गावात पुरलेल्या सोन्यासाठी भांडताहेत आणि तिथे एक बेनाम बंदूकवाला येतो. पुढचं 'योजिंबो'. किओमोरी, योशित्सुने, बेंकेइ, शिझुका, योइची ही पात्रांची नावं इतिहास आणि 'हेइके' महाकथेतली. लाल टोळीचा म्होरक्या शेक्सपिअरचं 'सहावा हेन्री' वाचतो आणि यापुढे मला हेन्री म्हणा असं सांगतो, कारण इंग्लंडातही लाल आणि पांढऱ्या गुलाबांची यादवी झाली होती. हा विनोद पहिल्या फटक्यात कळला नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

सुरुवातीला रंगवलेल्या फुजी पर्वतासमोर बसलेला अमेरिकन माणूस म्हणजे क्वेंटिन टॅरंटिनो.

९. मग तो जुन्या 'जँगो'चा रिमेक आहे का? आणि 'जँगो अनचेन्ड'शी काही नातं?

रिमेक नाही. कॉर्बुचीकडून शवपेटीतली मशीनगन, चिखल आणि नाव घेतलं आहे, कथा 'योजिंबो'ची आहे. दोन्ही एकत्र येणं जपानी प्रेक्षकाला नैसर्गिक का वाटतं ते प्रश्न ५ मध्ये आहे. शीर्षकगीत जुन्या 'जँगो'च्याच गाण्याची जपानी आवृत्ती, आणि म्हटलंय साबुरो किताजिमानं. हा एन्का या भावविवश गायकीचा मोठा बुजुर्ग. सिनेमातली ही सगळ्यात चांगली निवड.

(पुढचं वाक्य शेवट फोडतं.) शेवटच्या पाटीवर कळतं की वाचलेला लहान मुलगा पुढे इटलीला गेला आणि जँगो म्हणून ओळखला जाऊ लागला. म्हणजे मिइकेच्या हिशोबानं हा जुन्या 'जँगो'च्या आधीचा भाग. कुरोसावांच्या जुन्या तक्रारीला चाळीस वर्षांनी दिलेलं हे उत्तर आम्हाला फार आवडतं.

'जँगो अनचेन्ड' (२०१२) टॅरंटिनोनं यानंतर केला. कथेचा संबंध नाही, प्रेम तेवढं समान.

१०. जपानी 'अनफर्गिव्हन' पाहण्याआधी ईस्टवुडचा पाहावा का? दोन्हींत फरक काय?

आधी पाहिला तर उत्तम, नाही पाहिला तरी अडत नाही. कथेचा सांगाडा १९९२ च्या सिनेमाचाच आहे. एका वेश्येचा चेहरा चाकूनं विद्रूप केला जातो, तिथला अंमलदार गुन्हेगारांना किरकोळ भरपाईवर सोडतो, बायका पैसे जमवून बक्षीस लावतात आणि ते मिळवायला एक म्हातारा होत चाललेला, पूर्वीचा क्रूर माणूस निघतो. दिग्दर्शक ली सांग-इल, मुख्य भूमिकेत केन वातानाबे. त्यानं आधी ईस्टवुडच्या 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा'त काम केलं होतं.

पण काळ १८८० आणि जागा होक्काइदो, त्यामुळे सगळ्याचा अर्थ बदलतो. ईस्टवुडनं केलेला विल्यम मनी हा दारू पिऊन माणसं मारणारा दरोडेखोर होता. वातानाबेचा जुबेई शोगुनच्या बाजूनं माणसं मारत होता. राजवट बदलली आणि कालचं कर्तव्य आजचा गुन्हा झालं. त्याला क्षमा कुणी करायची? ज्या सरकारनं त्याचा पाठलाग केला त्यानं? गावात हत्यारं आणायला मनाई हा मूळ सिनेमात शेरीफचा स्वतःचा फतवा होता. इथे त्यामागे तलवारबंदीचा राष्ट्रीय कायदा उभा आहे, आणि तो कायदा राबवणारा माणूस स्वतः जुन्या सामुराई जगातूनच आलेला.

जुबेईची मेलेली बायको ऐनू आहे, मुलं अर्धी ऐनू. म्हणजे तो जिंकणाऱ्यांनी हाकललेला आणि हाकललेल्यांच्या जमिनीवर राहणारा, दोन्ही आहे. दिग्दर्शक स्वतः जपानमध्ये जन्मलेला कोरियन वंशाचा. कोण कुठला, कुणाची जमीन, हे प्रश्न त्याला पुस्तकात शोधावे लागले नसणार.

शेवट बदलला आहे. सांगत नाही. मूळ शेवटात जी पळवाट होती ती इथे नाही, एवढंच. छायाचित्रणाचं कौतुक सगळेच करतात. आमची एकच तक्रार, काही ठिकाणी बर्फ इतका सुंदर दिसतो की थंडी वाजत नाही.

जाता जाता: इथला अंमलदार कोइची सातो आणि 'सुकीयाकी'तला लाल टोळीचा किओमोरी, नट तोच आहे. लागोपाठ पाहिलेत तर दचकाल.

११. अमेरिकी वेस्टर्नमध्ये 'इंडियन' दाखवतात तसेच जपानी सिनेमांत ऐनू दाखवले आहेत का?

सिनेमांत काय आहे ते नंतर बघू, कायद्यात साम्य नक्कीच आहे. १८७० च्या दशकात ऐनूंच्या गोंदण्यावर आणि विषारी बाणांच्या शिकारीवर बंदी आली. १८९९ च्या 'संरक्षण' कायद्यानं त्यांना शेतीपुरते जमिनीचे तुकडे देऊन शेतकरी आणि जपानी बनवायचं ठरवलं. अमेरिकेनं मूलनिवासींच्या सामाईक जमिनीचे तुकडे पाडणारा डॉज कायदा केला होता १८८७ मध्ये. जपानी कायदा रद्द झाला १९९७ मध्ये. ऐनू हे मूळ रहिवासी आहेत असं कायद्यात लिहिलं गेलं २०१९ मध्ये.

पडद्यावर हल्ला करणाऱ्या ऐनूंच्या झुंडी दिसत नाहीत, ही जमेची बाजू. पण बराच काळ ते नाचणारे, रंगीत अंगरखे घातलेले, हिरोनं वाचवायचे लोक म्हणूनच आले. निक्कात्सुचा सिनेमा (प्रश्न ७) त्यातलाच. २०१३ च्या 'अनफर्गिव्हन'मध्ये गोरो हा अर्धा ऐनू, बडबड्या, घाबरट, शूर व्हायला धडपडणारा पोरगा आहे. तो चांगला किंवा वाईट 'नमुना' नाही, माणूस आहे. तरी मध्यभागी जपानी नायक आहेच आणि ऐनू पात्रं जपानी नटांनी केली आहेत.

या बाबतीत सिनेमापेक्षा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, पुढे गेला (प्रश्न १४).

१२. 'ताम्पोपो'ला रामेन वेस्टर्न म्हणतात. ही नुसती जाहिरात ना?

जाहिरात आहेच, पण खोटी नाही. जूझो इतामीचा १९८५ चा सिनेमा. टोपी घातलेला ट्रकचालक गोरो पावसात एका विधवेच्या खानावळीशी थांबतो, तिथल्या दांडगटांशी मारामारी करतो, तिला उत्तम रामेन (रश्शातल्या शेवया) करायला शिकवतो आणि काम झाल्यावर निघून जातो. 'शेन' (१९५३) पाहिलेल्याला सांगाडा लगेच ओळखू येईल. घोड्याच्या जागी ट्रक, जमिनीच्या जागी चूल. तज्ज्ञ माणसं एकेक करून गोळा करण्याचा भाग 'सात सामुराई'चा. गोरोचा तरुण साथीदार म्हणजे केन वातानाबे.

रिकाम्या पोटी पाहू नका.

१३. जपानी माणूस अमेरिकेच्या पश्चिमेत जातो असे सिनेमे यात धरायचे का?

इथे खरी गुंतागुंत आहे. 'रेड सन' (१९७१) मध्ये तोशिरो मिफुने सामुराई आहे, सोबत चार्ल्स ब्रॉन्सन आणि आलँ देलाँ, पण दिग्दर्शक टेरेन्स यंग इंग्रज, पैसा युरोपचा आणि चित्रीकरण स्पेनचं. हा जपानी नट असलेला युरोपीय वेस्टर्न. तसंच 'योजिंबो'त पिस्तूल मिरवणारा तात्सुया नाकादाई १९६८ मध्ये एका इटालियन वेस्टर्नमध्ये खलनायक झाला. तोही आम्ही इटलीच्या खात्यात टाकतो.

किहाची ओकामोतोचा 'ईस्ट मीट्स वेस्ट' (१९९५) मात्र आमच्या हिशोबात जपानी वेस्टर्न. १८६० मध्ये 'कान्रिन मारू' जहाजानं सॅन फ्रान्सिस्कोला पोचलेल्या जपानी मंडळींचा खरा प्रसंग घेऊन त्यातून हिरोयुकी सानादाला वाळवंटात पाठवलंय. ओकामोतो आयुष्यभर फोर्डचा भक्त. त्यानं १९५९ मध्येच 'दोकुरित्सु गुरेंताई' हा चीनमधल्या युद्धावरचा सिनेमा उघड वेस्टर्नच्या थाटात केला होता. 'ईस्ट मीट्स वेस्ट' पसरट आहे, विनोद काही ठिकाणी लटके पडतात, पण हौस खरी आहे.

नियमच हवा असेल तर कथा कुठे घडते यापेक्षा ती कुणाच्या नजरेनं बघितली आहे ते पाहा. वाद तरीही संपणार नाहीत.

१४. ॲनिमे आणि मांगा यांत बसतात का?

'ट्रायगन' आणि 'काउबॉय बीबॉप' (१९९८) यांत वेस्टर्नचा पोशाख आणि एकटेपणा आहे, पण ते परग्रहांवर आणि अवकाशात घडतात. आवडत असतील तर जरूर पाहा, या पानावर त्यांची खोलात चर्चा नाही.

'गोल्डन कामुई' वेगळा. सातोरु नोदाचा मांगा २०१४ ते २०२२ चालला, २०२४ मध्ये सिनेमाही आला. रशिया-जपान युद्धातून परतलेला सैनिक आणि असिर्पा ही ऐनू मुलगी होक्काइदोत लपवलेलं सोनं शोधतात. सोन्याचा नकाशा कैद्यांच्या अंगावर गोंदलेला, मागे सैन्य आणि जुने सामुराई लागलेले. यात असिर्पा वाचवली जात नाही, तीच जंगल वाचते, शिकार करते, खायला शिकवते. भाषेसाठी ऐनू भाषेच्या अभ्यासकाची मदत घेतली होती आणि ते जाणवतं. हिंसा आणि अचरट विनोद भरपूर आहेत, घरच्या लहानांसमोर उघडू नका.

१५. 'शोले' या कुटुंबात येतो का?

दूरचा नातेवाईक. गावाच्या रक्षणासाठी भाडोत्री माणसं आणणं हे 'सात सामुराई'तून 'मॅग्निफिसंट'मार्गे आलं, नजरा आणि शांतता लिओनेकडून. म्हणजे रामनगरच्या खडकांत कुरोसावांचा वाटा आहेच, पण तो आमच्या विषयाच्या बाहेरचा. थेट नातं बघायचं तर राजकुमार संतोषीचा 'चायना गेट' (१९९८) पाहा. तिथे सामुराईंच्या जागी बडतर्फ फौजी आहेत.

१६. हे सिनेमे शोधताना सापडत नाहीत. कोणत्या नावानं शोधू?

दोन 'अनफर्गिव्हन'मध्ये लोक हमखास चुकतात. जपानी सिनेमाचं मूळ नाव 'युरुसारेझारु मोनो', साल २०१३, त्या नावानं किंवा वातानाबेच्या नावानं शोधा. 'सुकीयाकी'च्या दोन लांबींपैकी सुमारे दोन तासांची जपानी आवृत्ती, शंभरेक मिनिटांची परदेशी. कुठली चालू आहे ते सुरू करण्याआधी बघून घ्या. निक्कात्सुच्या सिनेमांना इंग्रजीत दोन-दोन, तीन-तीन नावं आहेत, तिथे नटाचं नाव आणि साल हाच भरवशाचा मार्ग. आणि 'योजिंबो' पाहिल्यावर 'सान्जुरो' शोधायला विसरू नका. तोच तलवारबाज आहे, पण यावेळी गाव नाही, वाडा आहे, आणि त्याच्या मागे लागलेली नऊ भाबडी पोरं.